व्हर्नाचं भांडं आणि माझं लायसन्स

शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, हे मला आईने शिकवलं. कुणी काही देऊ केलं तर पहिल्या विचारण्याला हो म्हणू नये, दुसऱ्यालाही म्हणू नये, तिसऱ्यांदा विचारलं तर मात्र फार ताणू नये, हेही तिनेच शिकवलं. एवढ्या दोन संस्कारांच्या जोरावर माणूस पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचू शकतो, हे सांगायचं मात्र तिच्याकडून राहून गेलं.

मी हार्लन ब्राटलँड. मिनेसोटात नॉर्डबी नावाचं आमचं गाव आहे, तिथल्या हायस्कुलात मी पोरांना गाडी चालवायला शिकवतो. गावातल्या चाळिशीच्या आतल्या कुणालाही विचारा, गाडी मागे घेताना मान वळवून बघायची सवय त्याला मी लावलेली आहे. दारूच्या बाबतीत आमचं घर ठणठणीत कोरडं. चर्चमध्ये प्रभुभोजनाला नुसता द्राक्षाचा रस देतात, तोसुद्धा मी ओठ ओले होतील इतकाच घेतो. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढची हकिकत ऐकताना लोक उगाच माझं नाक लाल आहे का ते बघायला लागतात.

तर माझ्या बायकोच्या, आर्डिसच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्या दिवसांत आमची शेजारीण व्हर्ना टोलफ्सन हॉटडिश घेऊन आली. खाली खिमा, वर डब्यातलं सूप, त्यावर बटाटे रचून भट्टीत भाजलेला हा पदार्थ आमच्याकडे बाळंतपण, ऑपरेशन आणि मयत या तिन्ही प्रसंगी चालतो. भांडं निळ्या एनॅमलचं, बुडाला चिकटपट्टी, पट्टीवर व्हर्नाचं नाव. हॉटडिश आम्ही दोन दिवसांत संपवला आणि भांडं घासून ओट्यावर ठेवलं. मग ते भरून परत कसं करायचं, यावर आर्डिस पाय उशीवर ठेवून आठवडाभर विचार करत राहिली.

केक द्यावा, तर व्हर्नाचा केक हिच्यापेक्षा चांगला होतो. बिस्किटं द्यावीत, तर गुडघ्याच्या मानाने ती फारच हलकी परतफेड. शेवटी तिने तळघरातून ब्रँडीत मुरवलेल्या चेरींची बरणी आणायला सांगितली, आणि चेरी ब्रँडीसकट भांड्यात ओतून वर झाकण लावलं. आमचं घर कोरडं असल्याचं मी वर म्हटलं, ते खरंच आहे. ब्रँडी पिणं हे पाप आहे, ब्रँडीत चेरी मुरवणं ही पाककला आहे, आणि आमच्या मंडळींत या दोहोंची गल्लत कुणी करत नाही.

ऑक्टोबरातला शनिवार, भर दुपार. सगळीकडे सोयाबीनची कापणी चाललेली, धुळीने माझे डोळे लालबुंद. भांडं शेजारच्या सीटवर ठेवून मी त्याला पट्टा लावला. विद्यार्थ्यांना जे सांगतो ते स्वतः पाळतो. व्हर्नाच्या शेताकडे निघालो, समोरून येणाऱ्या प्रत्येकाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम केला, आणि वळणावर भांडं पट्ट्याखालून सुळकन निसटलं.

अशा वेळी काय करायचं? विद्यार्थ्याला मी सांगितलं असतं, पडू दे, नजर रस्त्यावर ठेव. पण विद्यार्थ्याच्या भांड्यावर व्हर्ना टोलफ्सनचं नाव नसतं. मी हात घातला. गाडी मधली रेघ ओलांडून पलीकडे गेली, परत आली, जरा जास्तच परत आली. झाकण उडालं, आणि सहा महिने मुरलेली ब्रँडी माझ्या मांडीवर सांडली. चेरी जागच्या जागी राहिल्या, याबद्दल झाकणाचे नाही तरी देवाचे आभार मानावेत असं मनात येतंय, तोच आरशात लाल-निळे दिवे दिसले.

पोलीस डेप्युटी कॅलाब्रीझ आमच्या जिल्ह्यात नवे. बायको इथली म्हणून न्यू जर्सीहून इकडे नोकरीला आलेले. माणूस भला, पण तिकडचा. तिकडे म्हणे लोक मनात असेल तेच बोलतात. अशा ठिकाणी माणसं एकमेकांच्या शेजारी कशी राहतात, देव जाणे.

"किती घेतलीय?" त्यांनी खिडकीत वाकून विचारलं.

"सॉरी हं साहेब. सगळी माझीच चूक."

आता आमच्याकडे सॉरी हे वाक्याच्या सुरुवातीला येतं, त्याला अर्थ असतोच असं नाही. दुसऱ्याने आपल्या पायावर पाय दिला तरी सॉरी आपणच म्हणायचं असतं. कॅलाब्रीझसाहेबांनी मात्र ते वहीत लिहून घेतलं.

"म्हणजे घेतलीय."

"छे छे. चेरी आहेत."

"चेरी?"

"व्हर्नासाठी."

"व्हर्ना गाडीत आहे?"

"नाही, तिचं भांडं आहे."

त्यांनी मला खाली उतरायला सांगितलं.

रस्त्याच्या कडेच्या रेघेवरून टाचेला टाच लावून चालायचं होतं. ब्रँडीने चिकटलेली पँट घालून असं चालून पाहा, म्हणजे कळेल. शिवाय पलीकडच्या शेतातून आमचा शेजारी ड्वेन आपलं कापणीयंत्र थांबवून बघत होता, तर त्याला हात करणं भाग होतं. हात केला आणि तोल गेला. मग एका पायावर उभं राहायचा हुकूम झाला.

"कुठल्या पायावर राहू?"

"कुठल्याही."

"नाही, तुम्हाला कुठला सोयीचा पडेल?"

"अहो, मला काय सोय-गैरसोय? तुमचा पाय आहे!"

"तसं नाही, तुम्ही म्हणाल तो," असं म्हणत मी डावा उचलला, त्यांच्या चेहऱ्यावरून तो पसंत नसावा असं वाटलं, म्हणून उजवा उचलायला गेलो. त्या घाईत डावा खाली टेकवायचा राहून गेला. कॅलाब्रीझसाहेबांनी मला वेळीच धरलं नसतं तर मी रस्त्याकडेच्या चरात गेलो असतो. मी अर्थातच सॉरी म्हणालो. तेही वहीत गेलं.

ठाण्यावर श्वास तपासायचं यंत्र असतं. त्यात एक फुंकर मारली असती तर सगळा प्रकार तिथेच संपला असता, कारण ब्रँडी माझ्या पँटने प्यायली होती, मी नव्हे. साहेबांनी एका छापील कागदावरून कायदा वाचून दाखवला. चाचणी देणं बंधनकारक आहे, नकार दिला तर लायसन्स वर्षभर रद्द, वगैरे. मी मान डोलावत ऐकलं. वाचताना ते दोन ठिकाणी अडखळले, पण मी चूक काढली नाही.

मग त्यांनी विचारलं, "चाचणी देता?"

"अहो नको, कशाला," मी म्हणालो. "तुम्हाला उगाच त्रास. ते यंत्र सुरू करायचं, नवी नळी उघडायची…"

आणि चांगल्या घरातल्या माणसाने जे करावं तेच मी केलं. हात मांडीवर ठेवून दुसऱ्या विचारण्याची वाट पाहत बसलो. साहेब माझ्याकडे बघत राहिले. त्यांना संकोच वाटू नये म्हणून मी जरा हसलोसुद्धा. त्यांनी खांदे उडवले आणि लिहायला घेतलं.

"झालं," ते म्हणाले.

"काय झालं?"

"तुम्ही नकार दिलात."

"नकार कधी दिला? मी नुसतं नको म्हणालो."

"मग हो म्हणायचं होतं."

"एकदम?" मी म्हणालो. परक्या माणसासमोर माझा आवाज इतका वर गेल्याचं मला आठवत नाही.

ड्वेन मला घरी सोडायला आला. वाटभर तो हवामानावर बोलला. अंगणात गाडी थांबवल्यावर म्हणाला, "हे बघ हार्लन, माझ्या मेहुण्याचं लायसन्स दोनदा गेलंय. कोर्टात जाताना दाढी वाढवू नकोस आणि नवे बूट घालू नकोस. नव्या बुटांचा माणूस जज्जला आवडत नाही." त्याच्या मेहुण्याचं लायसन्स अजून परत मिळालेलं नाही, हे मला नंतर कळलं.

लायसन्स गेलं. शाळेने मला घरी बसायला सांगितलं, कारण गाडी शिकवणाऱ्याला गाडी चालवता येत नसेल तर पालक प्रश्न विचारतात. आणि लोक हॉटडिश घेऊन यायला लागले. कुणी विषय काढला नाही, नुसतं भांडं पुढे केलं, थंडी लवकर पडणार म्हणाले आणि गेले. घरात मयत झाल्यासारखी ओट्यावर भांड्यांची रांग लागली. ती परत करायची तर भरून करायला हवीत, आणि न्यायची तर गाडी चालवायला हवी. शेवटी ढीगभर भांडी कपड्यांच्या कपाटात गेली.

हे सगळं मी सोसलं असतं. पण आर्डिसला आठवड्यातून तीनदा जिल्ह्याच्या गावी फिजिओथेरपीला न्यावं लागत होतं. तिचा उजवा पाय, म्हणजे तिलाही गाडी चालवता येईना, आणि आमच्याकडे बस नावाची गोष्ट फक्त शाळेच्या पोरांसाठी असते. शेजारी वाईट नाहीत. ड्वेन कुंपणापाशी थांबून म्हणाला, "सोडू का तुम्हाला?"

"छे छे, तुझी कापणी चाललीय," आर्डिस म्हणाली.

"नाही, तसं काही नाही. चला ना."

"नको रे. बघू आमचं आम्ही."

ड्वेनने आभाळाकडे पाहिलं. पश्चिमेला ढग होते, निम्मं शेत उभं होतं. तिसऱ्यांदा विचारायला त्याला सवड झाली नाही. कापणीच्या दिवसांत आमच्या गावात तिसऱ्यांदा विचारणारं माणूस मिळणं कठीण, आणि दोनदा विचारलेल्या गाडीत बसण्याइतके आम्ही निर्लज्ज नव्हतो.

तीन आठवड्यांत गुडघा काठीसारखा झाला. डॉक्टरने फोनवर स्पष्ट सांगितलं, आत्ता हलवला नाही तर तो तसाच राहील, मग पुन्हा चिरावा लागेल. तो डॉक्टर शिकागोचा. रात्री जिन्याच्या पहिल्या पायरीवर आर्डिस पाय सरळ लांबवून बसली, आणि मी तिला दोन्ही हातांनी उचलून वर नेलं. मला माझ्या सगळ्या सभ्यतेचा इतका संताप याआधी कधी आला नव्हता.

वकील केली ती ब्रिटा सॉल्बर्ग. माझीच विद्यार्थिनी. दोन गाड्यांच्या मध्ये गाडी लावण्यात मी तिला एकदा नापास केलं होतं, आणि ती ते विसरली नव्हती, असं तिने बसायला खुर्ची देतानाच सांगितलं.

"सर, प्रश्न तुम्ही प्यायला होता की नाही हा नाहीच," ती म्हणाली.

"मग?"

"तुम्ही प्यायलाय असं मानायला त्या साहेबांकडे पुरेसं कारण होतं का, हा आहे."

"पण मी प्यायलो नव्हतो."

"ते वेगळं, सर."

"ते वेगळं कसं?"

"तुम्ही न पिताही प्यायलेले दिसू शकता. कायदा दिसण्याचा आहे." तिने कागद उलटला. "गाडी रेघेबाहेर, डोळे लाल, अंगाला ब्रँडीचा वास, दोनदा कबुली, आणि एका पायावर उभं राहायचं सांगितलं तर तुम्ही शून्य पायांवर उभं राहायचा प्रयत्न केलात. हे पुरेसं आहे, सर. माझ्या गाडीवर लाल-निळे दिवे असते तर मीही पकडलं असतं."

"मग काय करायचं?"

"एक मार्ग आहे. तुम्ही शुद्धीतसुद्धा असेच चालवता, असे साक्षीदार आणायचे."

मी बरीच वर्षं शिक्षक आहे. विद्यार्थी उलटतात याची सवय आहे. पण इतक्या शांतपणे कुणी उलटलं नव्हतं. मी नको म्हणालो. तिने पुन्हा विचारलं, पुन्हा नको म्हणालो. तिसऱ्यांदा विचारलं आणि झालं, मी हो म्हणून बसलो.

सुनावणीला निम्मं गाव आलं. जज्ज हेल्गेसनबाई इथल्याच, त्यांच्या आईचा बटाट्याच्या पोळ्यांचा हात अजून लोकांच्या आठवणीत आहे. पहिला साक्षीदार ड्वेन.

"मी याच्यामागून बरीच वर्षं गाडी चालवतोय," तो शपथेवर म्हणाला. "प्यायलेला आहे की नाही ते त्याच्या गाडीवरून सांगता येणार नाही. कधीच येत नाही."

व्हर्नाने सांगितलं की मी सगळ्यांना बोट उचलून रामराम करण्याच्या नादात एकदा तिची टपालपेटी पाडली होती, आणि मग तिला सॉरी म्हणालो होतो, आणि पेटीलाही. मागच्या बाकांवर माझे विद्यार्थी बसले होते. सगळे माना डोलावत होते. प्रामाणिकपणे सांगतो, त्या क्षणी मला वाटलं, की मी प्यायलो होतो असं कबूल करून मोकळं व्हावं.

इतकं सोसूनही उपयोग झाला नाही. जज्जबाई म्हणाल्या, "डेप्युटी नवे होते. मिस्टर ब्राटलँड नेहमीच असे चालवतात, हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. अटकेला पुरेसं कारण होतं." म्हणजे माझी अब्रू माझ्याच खर्चाने गेली आणि हाती काही आलं नाही.

ब्रिटा मात्र उठली. "कॅलाब्रीझसाहेब, चाचणीबद्दल तुम्ही यांना किती वेळा विचारलंत?"

"एकदा."

कोर्टात कुजबुज झाली. व्हर्नाने शेजारणीचा हात धरला.

"एकदाच?"

"हे नको म्हणाले. माझ्याकडे नकोचा अर्थ नको असाच होतो."

सरकारी वकील उभे राहिले. ते आमच्या पलीकडच्या गावचे. "मॅडम, कायदा सगळ्या राज्याला सारखा आहे. प्रौढ माणूस नको म्हणाला, तर ते नको. यात आणखी काय बघायचं?" बोलता बोलता त्यांना खोकला आला.

ब्रिटाने आपल्यापुढचा पाण्याचा पेला उचलला. "पाणी घ्या."

"नको, नको, ठीक आहे," सरकारी वकील खोकत म्हणाले.

"घ्या हो. मी उष्टावलेलं नाही."

"छे, तुम्हाला राहू दे."

"मी दुसरं घेईन. घ्या."

"बरं, तुम्ही म्हणताच आहात तर," ते म्हणाले, आणि पेला अर्धा रिकामा केल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पेला तसाच हातात धरून ते खाली बसले. जज्जबाईंनी चष्मा काढून पुसला. कॅलाब्रीझसाहेबांनी त्या पेल्याकडे आणि मग माझ्याकडे असं काही पाहिलं, की मला वाटलं आता त्यांच्या संसारातल्याही बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला असावा.

निकाल थोडक्यात होता. नकार देणाऱ्याने तो दिलेला असावा लागतो. इथे तो फक्त ऐकला गेला होता. लायसन्स परत. लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण आमच्याकडे तसं करत नाहीत, पण दोघाचौघांनी घसे खाकरले.

"मिस्टर ब्राटलँड," जज्जबाई फाइल मिटत म्हणाल्या, "लायसन्स इथेच आहे. आत्ता घेऊन जाता, की सवडीने टपालाने पाठवू?"

माझ्या जिभेवर उत्तर तयारच होतं. अहो नको, कशाला घाई, तुम्हाला सवड होईल तेव्हा. साठ वर्षांचं वळण होतं ते. ओठसुद्धा उघडले होते. जज्जबाई दुसऱ्यांदा विचारायच्या बेतात होत्या, पण शेजारी बसलेला कारकून नवा होता आणि त्याने पाकिटावर पत्ता लिहायला पेन उचललं होतं. मी बाकाकडे पाहिलं. आर्डिस कडेला बसली होती, उजवा पाय वाटेत सरळ लांबवलेला, तो तिला आत घेता येत नव्हता. येणारे-जाणारे तो ओलांडून जात होते आणि ती प्रत्येकाला सॉरी म्हणत होती.

"हो," मी म्हणालो. "आत्ता द्या."

मागून कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. जज्जबाईंचं तोंड दुसऱ्या विचारण्यासाठी उघडलेलं होतं, ते त्यांनी हळूच मिटलं. मी पुढे होऊन लायसन्स घेतलं. त्या दुपारी कोर्टातून परस्पर मी आर्डिसला फिजिओथेरपीला नेलं. गाडी रेघेच्या आत चालवली आणि रामरामासाठी कुणाला बोट उचललं नाही.

गुडघा वाकायला लागला. माझी शाळेतली नोकरी पुन्हा सुरू झाली. पुरावा म्हणून जप्त झालेलं व्हर्नाचं भांडं ठाण्यातून परत आलं, अर्थात रिकामं, सरकारला कुठली रीत. आर्डिसने त्यात सफरचंदाची साधी खीर भरली आणि मी ते घेऊन व्हर्नाच्या दारात उभा राहिलो. स्वयंपाकघरातून ताज्या कॉफीचा वास येत होता.

व्हर्नाने भांडं घेतलं, बुडाची पट्टी तपासली.

"खरं सांगू का हार्लन? दारूचं आम्ही एक वेळ समजून घेतलं असतं," ती म्हणाली. "माणूस आहे, चुकतो. पण एकदा विचारलं, आणि तू हो म्हणालास. सगळ्यांदेखत." तिने सुस्कारा सोडला. "बरं, आलायस तर कॉफी घेतोस?"

"छे छे, कशाला," मी म्हणालो.

"बरं," म्हणाली, आणि दार लावलं.